मु. पो. डिट्टो

आप्पा थोरात कचेरीत आले, की आधी डोक्यावरची टोपी काढून माझ्या कॉम्प्युटरवर ठेवायचे. त्यांच्या टेबलामागे चांगली पितळी खुंटी होती, पण टोपी यायची ती माझ्याच मॉनिटरवर, आणि तीही अशी की पुढचं टोक काचेवर लोंबावं. मी उचलून बाजूला ठेवली, की चष्म्यावरून बघत म्हणायचे, "राहू दे की. त्याला तरी दुसरं काय काम हाय?"

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. आप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि मी त्यांच्याबद्दल वाईटच बोलणार आहे. त्यांच्याबद्दल गोड बोलणारी माणसं त्यांच्या दहाव्याला नदीवर भरपूर जमली होती. त्यातल्या निम्म्यांना आप्पांनी हयातीत कधी ना कधी कचेरीतून हाकलून दिलेलं होतं.

कचेरी म्हणजे आमची फळं-भाजीपाला उत्पादकांची सहकारी संस्था. शिरूरला मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला दोन खोल्या आणि एक पत्र्याचं गोदाम. सभासद भीमेच्या दोन्ही अंगाला पसरलेले, अलीकडचे शिरूर तालुक्यातले, पलीकडचे दौंडचे. चेअरमन शिरूरचा असला की दौंडकर रुसायचे आणि दौंडचा असला की शिरूरकर. आप्पा मूळचे वरवंडचे, म्हणजे दौंडकर, पण नोकरीसाठी सगळा जन्म शिरूरला काढला. त्यामुळे त्यांना दोन्हीकडचे लोक आपले वाटत नसत. संस्था निघाली तेव्हापासून ते हेडक्लार्क होते.

मी शाहीन मणियार. अब्बा आठवडी बाजारांत बांगड्या घेऊन बसायचे. बारावीनंतर मी एसटी स्टँडजवळच्या क्लासात कॉम्प्युटर शिकले, आणि संस्थेनं पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा हंगामी ऑपरेटर म्हणून लागले. साल दोन हजार उजाडायच्या जरा आधीची गोष्ट. आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला आनंदानं सांगत सुटायचे, "एक तारखेला जगातले समदे कंप्यूटर बंद पडनार हायेत. पेपरात आलंय. तवर पोरीला खेळू द्या."

ते मला नावानं हाक मारायचे नाहीत. "ए कंप्यूटर, इकडं ये." मीही एकदा चिडून म्हणाले, "माझं नाव शाहीन आहे." त्यावर उत्तर आलं, "हंगामी मानसाचं नाव पाठ करून काय करू? कायम झालीस की बघू." चारला चहा यायचा. बबनमामा शिपाई सगळ्यांना कप द्यायचे आणि माझ्याजवळ आले, की आप्पांचा आवाज यायचा, "तिला नको. मशीनजवळ पानी आनू नका म्हनून तिनंच पाटी लावलीया ना? मंग चहा म्हंजी काय दगड हाय का?" वीज गेली आणि यूपीएस ओरडायला लागला, की म्हणायचे, "बघ गं, तुझं बाळ रडतंय."

आणि हे सगळं माझ्याच वाट्याला होतं असंही नाही. लांबून आलेल्या म्हाताऱ्याला ते एका सहीसाठी परत पाठवायचे. "एकदा सांगितलं म्हंजी सांगितलं," हे त्यांचं पालुपद. दुसऱ्यांदा विचारणारा माणूस त्यांच्या लेखी एक तर बहिरा किंवा बदमाश. मी मणियारांची म्हणून त्यांनी मला कधी वेगळं वागवलं नाही, एवढं मात्र कबूल करते. त्यांना सगळेच सारखे नकोसे होते.

त्या वर्षी चेअरमनसाहेबांनी ठरवलं, की वार्षिक सभेच्या नोटिसा हातानं पत्ते घालून न पाठवता कॉम्प्युटरवर काढायच्या. प्रत्येक पत्रावर त्या त्या सभासदाचं नाव आणि गाव छापून आलं पाहिजे. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "शाहीन, हे नीट करून दाखव. सभेत तुला कायम करायचा ठराव मांडतो. न्हाई जमलं तर मग मलाही संचालकांपुढं तोंड न्हाई. कॉम्प्युटर झाकून ठेवू." म्हणजे मला घरी पाठवू, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला कळलं.

घरी काय वाढून ठेवलं होतं तेही मला ठाऊक होतं. नगरला अब्बांच्या मावसभावाच्या घरून माझ्यासाठी विचारणा आलेली होती. मुलगा वाईट नव्हता, पण मला आत्ताच लग्न नको होतं. मी बाहेरून बी.कॉम. करत होते आणि मला ते पुरं करायचं होतं. अब्बा कटकटे नव्हते, सरळ बोलले, "बेटा, दिवाळीपर्यंत कायमची ऑर्डर आली तर मी त्यांना नाही म्हणून कळवतो. हंगामी नोकरीसाठी घरी आलेलं स्थळ मी कोणत्या तोंडानं मोडू?" तेव्हा माझं सगळं त्या नोटिसांवर येऊन बसलं होतं.

काम तसं अवघड नव्हतं. एक्सेलमध्ये सभासदांची नावं-गावं भरायची, वर्डमध्ये एकच पत्र तयार करायचं, आणि पत्रात जिथं नाव-गाव हवं तिथं एक्सेलमधला तो तो रकाना जोडून द्यायचा. मग बटण दाबलं, की जेवढे सभासद तेवढी पत्रं. याला मेल मर्ज म्हणतात. पण नावं भरायला सभासद-रजिस्टर हवं, आणि ते आप्पांच्या कपाटात.

"रजिस्टर पोरीच्या हातात? मी जित्ता असंपर्यंत न्हाई," आप्पा चेअरमनांना म्हणाले. "भरायचंच आसंल तर मी भरतो."

चेअरमन हसले आणि हो म्हणाले. मला वाटलं, दोन दिवसांत कंटाळतील. कसलं काय! दुपारी जेवण झालं की आप्पा मला माझ्या खुर्चीवरून उठवायचे, रजिस्टर मांडीवर घ्यायचे आणि उजव्या हाताच्या एका बोटानं टिपायला बसायचे. "हा 'ळ' कुठं पळाला आता? काल हितंच व्हता." मी सांगायला वाकले की हात आडवा. "तू लांब हो. मी हुडकतो." शिव्या कळफलकाला, मला, कळफलक बनवणाऱ्याला. पण पावसाळा निम्मा होईस्तोवर त्या माणसानं सगळं रजिस्टर आत घातलं. वर तोंड करून म्हणाला, "झालं. यात काय लई डोकं लागतं आसं न्हाई."

मी वर्डमध्ये पत्र केलं, रकाने जोडायला गेले, तर मशीन रकान्यांची नावंच ओळखेना. नाव, गाव, तालुका असं काही दाखवायच्या ऐवजी भलतंच दाखवत होतं. फाइल उघडून बघते, तर पहिल्याच ओळीत मधोमध '॥ श्री ॥'. त्याखाली संस्थेचं पूर्ण नाव, त्याखाली एक ओळ मोकळी, आणि मग रकान्यांची नावं. रजिस्टरचं पहिलं पान जसं, तसंच्या तसं. आता मशीनला काय कळणार? ते पहिल्या ओळीत जे असेल त्यालाच रकान्याचं नाव समजतं. मी वरच्या तिन्ही ओळी काढून टाकल्या.

आप्पा मागेच उभे होते. हात पाठीमागे बांधून माझ्या खुर्चीमागं उभं राहायची त्यांना सवय लागली होती. मी काम करायला लागले की ते येऊन उभे. "काय हवंय?" विचारलं तर म्हणायचे, "काय न्हाई. नुस्ता उभा हाय."

"श्री काढलास?" ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले, की बबनमामा बाहेरून आत आले. मी मणियारांची पोर, आणि मी श्री पुसला होता. आप्पा म्हणाले, "तुझा बाप बाजारात बांगड्यांची पेटी उघडताना बिस्मिल्ला म्हनतो का न्हाई? मी सोता ऐकलंय. आन् तू कामाच्या सुरवातीचं देवाचं नावच पुसतीस? काय शिकवलं तुला त्या क्लासात?"

खरं सांगते, त्यांनी दुसरं काही म्हटलं असतं तर मी भांडले असते. यावर भांडता येईना, आणि त्यामुळे तर अजूनच संताप आला. शेवटी मी '॥ श्री ॥' पत्राच्या डोक्यावर घातला, म्हणजे प्रत्येक सभासदाच्या कागदावर तो छापून येईल. आप्पांनी वाकून बघितलं, "हं" केलं आणि जागेवर जाऊन बसले.

मग दुसरं दुखणं. पत्रं निघाली, पण नावाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि विचित्र खुणा. एक्सेलमध्ये मराठी फॉन्टमध्ये टिपलेलं नाव वर्डमध्ये येताना फॉन्ट मागंच सोडून आलं होतं. आप्पांना तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चेअरमनांना हात धरून घेऊन आले. "बघा सायेब. चंद्रावरच्या लोकांना बोलवताय का सभेला?" मला ते निस्तरायला दोन दिवस लागले. क्लासातल्या सरांना फोन केला, पुस्तकं चाळली, आणि शेवटी साधीच गोष्ट निघाली. पत्रात जिथं रकाना जोडलाय, त्या जागेलाच मराठी फॉन्ट लावायचा. लावला आणि नाव झळझळीत मराठीत आलं. आप्पांकडे बघितलं तर ते खिडकीबाहेर बघत होते.

पहिलं पत्र सुरेख आलं. नाव, मु. पो. अमुक, ता. शिरूर, जि. पुणे. दुसरं पत्र काढलं आणि मी कपाळाला हात लावला. नाव बरोबर. त्याखाली मु. पो., आणि पुढं दोन छोट्या रेघांच्या मध्ये दोन स्वल्पविराम. तालुका, तेच. जिल्हा, तेच. आप्पांनी रजिस्टरात करतात तसं प्रत्येक गावाचं नाव एकदाच लिहिलं होतं आणि खाली शेवटपर्यंत डिट्टो मारलेलं होतं!

"आप्पा, हे असं चालत नाही. प्रत्येक नावापुढं गाव लिहावं लागतं."

"का? वर लिवलंय की."

"मशीन वरचं बघत नाही. एका वेळी एकच ओळ वाचतं."

आप्पा तोंडातला पानाचा तोबरा सावरत पुढं आले. "अडानी मानसाला बी एकदा सांगितलं की समजतं. तुझ्या मशीनला त्येच त्येच शंभरदा सांगायचं? आन् ह्येला तुमी हुश्शार म्हनता?"

"अहो पण पत्र ज्याच्या हातात पडणार त्याला वरची ओळ दिसणार आहे का?"

"ज्येच्या हातात पडनार त्येला आपलं गाव म्हाईत आसतंच."

आता या माणसाशी काय बोलायचं? मी डिट्टोच्या सगळ्या खुणा एका फटक्यात काढल्या आणि रिकाम्या घरांत वरचं गाव खाली उतरवलं. आप्पा मागं उभे राहून बघत होते. पडद्यावर वरवंड, वरवंड, वरवंड अशी रांग लागली, तसा त्यांचा चेहरा कडू झाला. "ह्ये काय ध्यान केलं! रजिस्टर हाय का पोपटाचा पिंजरा?" मी लक्ष दिलं नाही. नीट झालेल्या फाइलची एक प्रत फ्लॉपीवर घेतली आणि शिरूर तालुक्याची सगळी पत्रं काढून पोस्टात टाकली. ती सगळी पोचली.

दौंडची पत्रं राहिली होती, आणि माझी परीक्षा आली. पुण्याला केंद्र, आत्याकडं राहायचं. चेअरमनसाहेबांशी बोलून ठेवलं, की दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीच्या दिवशी मी शिरूरला येईन आणि दौंडची पत्रं काढीन. नोटीस धाडायच्या मुदतीचा तो शेवटचाच दिवस होता, पण वेळ पुरेसा होता. आप्पांना हात जोडून सांगितलं, "माझ्या फाइलला हात लावू नका."

"मला काय धाड भरलीया?" आप्पा म्हणाले.

ठरल्या दिवशी सकाळच्या गाडीनं आले. कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप आणि किल्ली आप्पांच्या खिशात.

"कशाला आलीस? पत्रं कालच गेली."

"कोणी काढली?"

"मी. तुला काय वाटलं, तुझ्यावाचून अडतंय?" त्या वेळी त्यांचा चेहरा बघायला हवा होता. अगदी कुस्ती मारून आलेला गडी. एवढे दिवस माझ्या मागं हात बांधून 'नुस्ते उभे' होते, ते हे! कोणतं बटण, कोणती फाइल, सगळं डोळ्यांनी चोरून घेतलं होतं.

"मला एकदा बघू द्या."

"काय बघायचं? पयलं पत्र मी सोता डोळ्यानं तपासलंय. नाव, गाव, तालुका, समदं हाय. मंग बबननं घड्या घातल्या, तिकिटं चिकटवली. जा, परीक्षा दे जा. हितं तुझं काय काम न्हाई."

मी किल्ली मागितली. दिली नाही. चेअरमन मुंबईला गेले होते. मी संतापानं रडत स्टँडवर गेले आणि पुण्याची गाडी पकडली. गाडीत सगळ्या वाटेवर मी त्या माणसाला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या, आमच्या घरच्या दखनीत आणि मराठीत.

परीक्षा संपवून परत आले त्याच दिवशी पोस्टमन परत आलेल्या पत्रांचं गोणपाटाचं एक मोठं बोचकं कचेरीच्या ओट्यावर टाकून गेला. जाताना विचारून गेला, "हे डिट्टो नावाचं गाव दौंड तालुक्यात कुठं आलं हो?"

मी फाइल उघडली. आप्पांनी माझी फाइल 'दुरुस्त' केली होती. दौंडच्या प्रत्येक गावाचं नाव एकदाच ठेवलं होतं, आणि खाली परत एकेक घर गाठून, एका बोटानं, डिट्टो मारलं होतं. किती वेळ बसले असतील कोण जाणे. एवढं झाल्यावर पत्रं काढली, आणि पहिलं तेवढं तपासलं. पहिल्या पत्रावर गाव येणारच! दुसरं पत्र त्यांनी बघितलंच नाही. पहिलं बरोबर म्हणजे खालची सगळी बरोबर, हाच त्यांचा जन्मभराचा हिशेब.

आणि इथं खरी आग लागली. कारण आप्पांनी प्रत्येक गावातली नावं मानाप्रमाणे लावली होती. आधी पाटील, मग माजी सरपंच, मग मोठे बागायतदार, मग बाकीचे. त्यामुळे दौंड तालुक्यातल्या प्रत्येक गावात पत्र पोचलं ते फक्त पहिल्या मानकऱ्याला. बाकी गाव कोरडं. दोन दिवसांत तिकडच्या जीपा आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "कासुर्डीत एकट्याला पत्र, वरवंडात एकट्याला पत्र. बाकीचे मेले का? मोठ्यांना गाठायचं, गरिबांना डावलायचं, आन् सभा तुमच्या मनासारखी करून घ्यायची, व्हय?" चेअरमन शिरूरचे, त्यामुळे तर कुणाच्या मनात शंकाच उरली नाही. मुदत उलटून गेलेली. सभा रद्द करावी लागली, आणि प्रकरण उपनिबंधकांकडे जाणार असं दिसायला लागलं.

संचालक मंडळाची तातडीची बैठक बसली. मला बाहेर बाकावर बसवलं होतं, पण आतलं सगळं ऐकू येत होतं. "कॉम्प्युटरची चूक," एकजण म्हणाला. "कॉम्प्युटरची म्हंजी त्या पोरीची," दुसरा म्हणाला. "काढून टाका, म्हंजी दौंडकरांना सांगायला तोंड राहील." चेअरमन काहीच बोलेनात. त्यांनाही ते सोयीचंच होतं. मला राग आला तो त्यांचासुद्धा.

मला आत बोलावलं. माझ्या पर्समध्ये ती फ्लॉपी होती, सगळ्या गावांसकट, जशी मी करून ठेवली होती तशी. मी रात्रभर वाक्यं जुळवून ठेवली होती. आप्पांनी काय केलं, कसं केलं, किल्ली कशी दिली नाही, एकही गोष्ट सोडणार नव्हते. त्या माणसाला सगळ्यांसमोर उघडा पाडायचा, या विचारानं खरं तर मला आतून बरंच वाटत होतं. आप्पा कोपऱ्यात इतिवृत्ताची वही घेऊन बसले होते.

चेअरमन म्हणाले, "शाहीन, हे कसं झालं?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात आप्पा उठून उभे राहिले.

"थांबा. ही चूक त्या पोरीची न्हाई. एवढी मोठी चूक करायला तिला आजून लई वर्सं नोकरी करावी लागंल."

कुणाला काही कळेना. दौंडचे एक संचालक म्हणाले, "मंग कुनाची?"

"माझी. तिनं गावं नीट घातली व्हती. मी काढली आन् डिट्टो मारलं. पत्रं बी मीच धाडली. ती तवा परीक्षेला व्हती. परत आली तवा बघू दे म्हनत व्हती, म्या दार उघडलं न्हाई."

"आप्पा, तुमी दौंडचे आसून दौंडच्याच लोकांना डावललं?"

"डावलायचं आसतं तर सख्ख्या भावाला डावललं आसतं का? वरवंडात जा आन् इचारा. माझ्या भावाच्या नावापुढं बी डिट्टोच हाय. त्यो चार दिस झाले माझ्याशी बोलत न्हाई."

कोण तरी फस्सकन हसलं. मग दुसरा हसला. दौंडच्या त्या संचालकांनाही हसू आवरेना. कटबीट काही नव्हता, म्हाताऱ्याचा हट्ट होता, हे सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं, आणि खोलीतला ताण उतरला. सभा पुढच्या महिन्यात पुन्हा बोलवायची ठरली. नोटिसा मी काढायच्या, आणि आप्पांनी कॉम्प्युटरच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आप्पांनी मान खाली घालून तो ठराव स्वतःच्या हातानं इतिवृत्तात लिहिला. मी नुसती उभी होते. एकही वाक्य बोलायला मिळालं नाही. घरी गेले आणि उशीत तोंड खुपसून रडले. नोकरी वाचली म्हणून नव्हे. माझं भांडणसुद्धा त्या माणसानं माझ्या हातून काढून घेतलं म्हणून.

पुढची सभा नीट पार पडली. दौंडचे लोक ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून आले. मला कायम करायचा ठराव टाळ्यांनी मंजूर झाला आणि दिवाळीच्या आधी ऑर्डर हातात पडली. अब्बांनी नगरला पत्र घातलं. मी बी.कॉम. झाले, त्याच कचेरीत पुढं अकाउंटंट झाले, माझ्या पसंतीनं लग्न केलं. आज जे काय आहे ते त्या ऑर्डरपासून आहे.

आप्पांचं मात्र त्याच सभेनंतर आटोपलं. ते निवृत्तीला आले होते, आणि आमच्याकडे हेडक्लार्कला निवृत्तीनंतर मुदतवाढ द्यायची रीत होती. आप्पांना ती मिळणार हे सगळे धरूनच चालले होते, आप्पासुद्धा. मुलाचं घर बांधायला काढलं होतं त्यांनी. संचालकांनी विषय पत्रिकेवर घेतलाच नाही. नारळ, शाल, एक भाषण, झालं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी ते टेबलाचा खण रिकामा करत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. मला वाटलं होतं, काहीतरी बोलावं लागेल, आणि काय बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं.

त्यांनी वर बघितलं नाही. "आभार मानायला आली आसशील तर दार तिकडं हाय."

"तुम्ही माझ्यासाठी का बोललात त्या दिवशी?"

"तुझ्यासाठी?" आता त्यांनी वर बघितलं. खरंच राग आला होता त्यांना. "तू कोन माझी? चूक माझ्या हातची व्हती. माझ्या हातचं काम दुसऱ्याच्या नावावर चढवायचं? आज चूक चढवली आसती, तर उद्या माझं बरुबर केलेलं बी कुनाच्या तरी नावावर चढवलं आसतं ह्या लोकांनी. मी एवढी वर्सं काय झक मारली हितं?"

मला एकदम भडभडून आलं, पण ते प्रेमानं नव्हे. टोपी, चहा, किल्ली, कुलूपबंद खोली, पुण्याच्या गाडीतलं रडणं, सगळं आठवलं. या माणसामुळे माझी नोकरी जाणार होती, आणि याच माणसामुळे राहिली, आणि दोन्ही वेळा त्यानं मला विचारलं नव्हतं.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आप्पा," मी म्हणाले.

त्यांनी खण बंद केला, पिशवी खांद्याला लावली आणि दरवाजाकडे निघाले. माझ्या शेजारून जाताना थांबले.

"माफी मागितली कुनी, शाहीन?"